एकशे त्रेपन्न मासे आणि सात वाटेकरी

अलिबागच्या बाजूला बंगल्यांना नावं ठेवण्यात कुणी कसर सोडत नाही. २०२०मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसकट माणसं आणणारी रो-रो बोट सुरू झाली. तेव्हापासून तर मुंबईकर इथे दोन गुंठे मिळाले की पाया खणायच्या आधी पाटी ठरवतो. ‘आशीर्वाद’, ‘प्रभुकृपा’, ‘देवाची देणगी’, शिवाय ‘ग्रेस व्हिला’ आणि ‘ब्लेसिंग्ज’. पाटीच्या दोन्ही अंगांना सात फुटी भिंत, भिंतीवर काचांचे तुकडे आणि फाटकावर दुसरी पाटी : कुत्र्यापासून सावध. दोन्ही पाट्या एकापाठोपाठ वाचल्या की मजकूर पूर्ण होतो. देवानं आम्हाला भरभरून दिलंय, आणि ते बघायला आत येऊ नका. यात धर्माचा भेद नाही. हिंदू ‘कृपा’ आणि ख्रिस्ती ‘ग्रेस’ यांचे कुत्रे एकाच जातीचे असतात. तरी ‘ग्रेस’वाल्याची अडचण जरा मोठी आहे, कारण त्याच्या धर्मग्रंथानं या बाबतीत फारशी पळवाट ठेवलेली नाही. अब्राहामाला देवानं आशीर्वाद दिला तो अटीसकट दिला : तुझ्या मार्फत तो इतरांपर्यंत पोचला पाहिजे. माझं म्हणणं असं की ख्रिस्ती जीवनात आशीर्वाद वाटणं हे आशीर्वाद मिळाल्यावर फुरसतीनं करायचं सत्कृत्य नाही. वाटला जात नाही तोवर तो मिळालाच नाही असं धरायचं. आणि हे समजून घ्यायला धर्मपंडितापेक्षा रेवदंड्याचा एखादा नाखवा अधिक उपयोगी पडेल.

कारण ही सगळी भानगड मुळात मासेमारांत सुरू झाली. लूकच्या शुभवर्तमानात पेत्र रात्रभर जाळी टाकून रिकामा परततो. येशूच्या सांगण्यावरून पुन्हा जाळं टाकतो, तर मासळी एवढी की जाळं फाटायला येतं. रविवारचं प्रवचन साधारणपणे इथे चमत्कारावर थांबतं. किनाऱ्यावरचा श्रोता मात्र पुढच्या बारीकशा गोष्टीवर कान टवकारतो : पेत्रानं दुसऱ्या होडीतल्या भागीदारांना खूण करून बोलावलं. मासळी कुठे लागली हे दुसऱ्या होडीला सांगणं म्हणजे काय, ते ज्याला दर्या ठाऊक आहे त्याला विचारा. माणूस विकलेल्या जमिनीचा खरा भाव सांगेल, बायकोपासून लपवलेलं कर्ज सांगेल, पण ही जागा सांगणार नाही. पेत्रानं सांगितली, आणि त्यात दानशूरपणाही फारसा नव्हता. हाक मारली नसती तर जाळं फाटलं असतं आणि मासळी आल्या वाटेनं परत गेली असती. दोन्ही होड्या भरल्या तरी बुडायच्या बेताला आल्या होत्या, मग एकटीची गत काय झाली असती? म्हणजे इथे वाटून घेणं हे पुण्य होण्याआधी शहाणपण होतं.

दुसरा दाखला योहानाचा. पुनरुत्थान झालंय, येशू पहाटे किनाऱ्यावर उभा आहे, सात शिष्य होडीत आहेत, आणि जाळ्यात मोठे एकशे त्रेपन्न मासे आहेत. जगाच्या इतिहासातल्या सगळ्यांत थरारक सकाळी कुणीतरी खाली बसून मासे मोजले. या आकड्यावर पंडितांनी शतकानुशतकं डोकं चालवलं. संत ऑगस्टिननं दाखवून दिलं की एकपासून सतरापर्यंतच्या आकड्यांची बेरीज एकशे त्रेपन्न होते, आणि त्यातून मोठा गूढार्थ काढला. आमच्या किनाऱ्यावर याचं एवढं कोडं पडणार नाही. मासे मोजले, कारण वाटे घालायचे होते. सात जण, प्रत्येकी एकवीस, वर उरले सहा. ते सहा होडीचे, जाळ्याचे की तांडेलाचे, यावर पुढे अर्धा तास वाद झाला असणार. योहानानं सभ्यपणे तो गाळला. त्याहून लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे शिष्य काठावर पोचले तेव्हा निखाऱ्यावर मासा आधीच भाजत होता आणि भाकरही तयार होती. यजमानाला काही कमी नव्हतं. तरी त्यानं सांगितलं, तुम्ही आत्ता धरलेल्यांतले थोडे आणा. आपल्याकडे जेवायला बोलावून कुणी असं म्हटलं तर त्याची वर्षभर चर्चा होईल. पण येशूच्या पंगतीचा रिवाज हाच दिसतो : जेवण त्याचं, पण त्यात तुमचा वाटा पडल्याशिवाय पंगत बसत नाही.

यावर पहिला आक्षेप कुठल्याही संसारी माणसाचा येईल, आणि तो रास्त आहे. सगळं वाटून टाकलं तर पावसाळ्यात खायचं काय? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्याआधी प्रत्येक घरात आगोटीची बेगमी होते : तांदूळ, मसाला, कांदे, जळण, आणि सुका बोंबील, सुकट, जवळा. रानात इस्राएल लोकांना आकाशातून मान्ना मिळे आणि रात्रभर ठेवला की त्यात किडे पडत, ही गोष्ट धर्मगुरूंनी कितीही रंगवून सांगितली, तरी ऐकणारी बाई मनात म्हणणारच, आमचा बोंबील चांगला तीन महिने टिकतो, देवाला वाळवण माहीत नव्हतं का? तर माहीत होतं. त्याच बायबलात योसेफ सात वर्षं धान्य साठवतो आणि तो शहाणा ठरतो. लूकच्या दाखल्यातला श्रीमंत जुनी कोठारं पाडून मोठी बांधायला निघतो, तो मूर्ख ठरतो आणि त्याच रात्री मरतो. धान्य दोघांकडे होतं. फरक एवढाच की योसेफाच्या कोठाराला दार बाहेरून होतं. दुष्काळ पडला तेव्हा ते उघडलं आणि परमुलखातून आलेली माणसंही गोणी भरून घेऊन गेली. आगोटीलाही अशीच तारीख असते. नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा दर्यात जातात. त्यानंतरही बोंबील माळ्यावर उरला तर त्याला कुणी बेगमी म्हणत नाही, त्याला वास म्हणतात. साठवण्याला धर्माची हरकत नाही. आपोआप नूतनीकरण होणाऱ्या मुदत ठेवीला मात्र आहे, कारण तिला नारळी पौर्णिमाच नसते.

आता याच किनाऱ्यावरचा एक योगायोग पाहा. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे आणि तिथलं चर्च कार्मेल डोंगराच्या मातेच्या नावाचं आहे. कार्मेल हा एलीया संदेष्ट्याचा डोंगर. कार्मेली संन्यासी त्याला आपला मूळपुरुष मानतात. इकडे अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर खुणा आहेत. त्या एलीयाच्या रथाच्या अशी बेने इस्राएल मंडळींची श्रद्धा. हे यहुदी म्हणजे आपले शनवार तेली. नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांची होडी फुटली असं त्यांची परंपरा सांगते. ते एलीयाच्या नावानं मलिदा करतात : भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, फळं, सुकामेवा, आणि तो वाटतात. म्हणजे एकच संदेष्टा, अलिबागेत यहुद्यांचा आणि कोर्लईत ख्रिस्त्यांचा, आणि दोहोंकडे त्याला एकट्यानं जेवताना कुणी पाहिलेलं नाही. कसा पाहणार? या एलीयाचीच ती सारफथच्या विधवेची गोष्ट. दुष्काळात तिच्याकडे मूठभर पीठ आणि थोडं तेल उरलेलं. ते खाऊन मायलेक मरायच्या तयारीत. तिथे हा पाहुणा जातो आणि म्हणतो, आधी मला भाकर कर. एखाद्या धर्मादाय ट्रस्टनं त्याच्याकडे उत्पन्नाचा दाखला मागितला असता. तिनं भाकर केली, आणि पुढे तिचं पीठही सरलं नाही, तेलही आटलं नाही. गंमत अशी की त्याआधी याच एलीयाला देव कावळ्यांकरवी भाकरी पोचवत होता. भाकरीची व्यवस्था चोख चालली होती. कावळा फार तर काव काव करील, उपकार बोलून दाखवणार नाही. तरी देवानं कावळे बंद करून हे काम एका गरीब बाईकडे दिलं. का, याचं मला एकच कारण दिसतं : कावळ्यांच्या वाटेनं पोट एकाचंच भरत होतं.

कोर्लईचं नाव काढल्यावर दुसरा आक्षेप समोर उभा राहतो, आणि हा जास्त कठीण आहे. पोर्तुगीजांनी चौलला १५२१मध्ये किल्ल्याची जागा मिळवली आणि १७४०मध्ये तो सगळा मुलूख मराठ्यांच्या ताब्यात गेला. पोर्तुगीज गेले, कोर्लईचे ख्रिस्ती राहिले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची बोली राहिली : पोर्तुगीज शब्दांची, मराठीच्या वळणाची, आज जेमतेम हजारभर माणसांच्या तोंडी असलेली. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञानं १९९६मध्ये तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. आता आक्षेप घेणारा म्हणेल, बघा, ही ठेव टिकली ती कुणाला न वाटल्यामुळे! मधे खाडी होती, लग्नं आपल्या आपल्यात होत होती, म्हणून अडीचशे वर्षं भाषा जगली. १९८०च्या दशकात साळाव-रेवदंडा पूल झाला, मराठी शाळा आणि नोकऱ्या जवळ आल्या, आणि भाषेची चिंता सुरू झाली. दिसायला मुद्दा बिनतोड आहे. पण कोर्लईत ही भाषा कुणी कुलपात ठेवली नव्हती. घराघरांतल्या आयांनी ती रोज, फुकट, रागावताना आणि भरवताना मुलांना दिली. खाडीनं बाहेरचा ओघ अडवला, एवढंच तिचं श्रेय. एका पिढीनं हात आखडता घेतला असता तर खाडी कितीही रुंद असून उपयोग झाला नसता. भाषा ही अशी मालमत्ता की दिल्यानं देणाऱ्याची घटत नाही, आणि न दिल्यानं दोघांचीही जाते. क्षमा, विद्या, प्रार्थना, शेजारधर्म, ख्रिस्ती ज्यांना कृपेची दानं म्हणतात ती बहुतेक सगळी याच खात्यात मोडतात.

भाकरीचं मात्र तसं नाही, हे कबूल केलं पाहिजे. अर्धी दिली की अर्धीच उरते. इथे काही उपदेशक लबाडी करतात. देवाला दहा द्या, तो शंभर परत करील, असं व्यासपीठावरून सांगतात आणि साक्षीला नव्या मोटारीचा मालक उभा करतात. ही योजना आपल्या जिल्ह्यात नवी नाही. पैसे दामदुप्पट करणारे लोक इथे येऊन गेले आहेत आणि त्यांचा पत्ता अजून लागलेला नाही. बायबलची साक्ष काढायची तर मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची काढावी. तिनं होतं नव्हतं ते दिलं आणि येशूनं तिची तारीफ केली. पण नंतर तिच्या घरी कुणी पिशवी घेऊन गेल्याची नोंद शुभवर्तमानात नाही. सारफथची विधवा परतावा घेऊन गेली, ही तशीच गेली. दोघींच्या गोष्टी एकाच ग्रंथात आहेत, त्यामुळे परताव्याची हमी देणाऱ्यानं निदान अर्धा ग्रंथ वाचलेला नाही असं खुशाल समजावं.

मग परतावा नाही तर वाटायचं कशासाठी? याचं उत्तर एका रशियनाकडे मिळतं. अफनासी निकितीन हा त्वेरचा व्यापारी १४६९-७०च्या सुमारास चौलला उतरला, म्हणजे वास्को-द-गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याचा स्मारकस्तंभ आहे. विकण्यासाठी त्यानं एक घोडा आणला होता. देवभोळा ख्रिस्ती माणूस, पण वाटेत लुटारूंनी त्याची पुस्तकं नेली आणि भोवती दुसरा ख्रिस्ती कुणी नाही. परिणाम असा की आज कुठला सण, उपास कधी सुरू, ईस्टर कधी, काही कळेनासं झालं. बिचारा अंदाजानं उपास धरत राहिला. श्रद्धा पक्की, पण तारीख सांगायला कुणी नाही. एकट्याच्या आशीर्वादाला कॅलेंडर नसतं, ही गोष्ट त्याच्या इतकी कुणी अनुभवली नसेल. पुढे जुन्नरला तिथल्या खानानं त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडाही देतो, वर मोहराही देतो म्हणाला. निकितीन हवालदिल. तेव्हा खोरासानचा एक मुसलमान सरदार खानाकडे गेला, रदबदली केली आणि घोडा सोडवून आणला. निकितीननं लिहून ठेवलं की हा प्रभूचा चमत्कार. बरोबरच आहे. फक्त चमत्काराचा हेलपाटा एका मुसलमानानं घातला होता. देवाचं देणं ज्या हातानं येतं त्या हाताचा धर्म विचारायची सोय नाही, आणि आपल्या हातून ते ज्याच्याकडे जायचं त्याचाही नाही.

याच घटनेत तिसऱ्या आक्षेपाचं उत्तर आहे. ख्रिस्ती माणूस काही वाटायला लागला की पुष्कळांना शंका येते : यामागे बाप्तिस्म्याचा फॉर्म तर नाही ना? शंका हवेतून आलेली नाही. दुष्काळाच्या काळात धान्याबरोबर धर्म दिल्याचे आरोप एकोणिसाव्या शतकापासून होत आले आहेत आणि सगळेच खोटे असतील असं मानायला मी तयार नाही. पण जुन्नरच्या खानानं देऊ केलेला घोडा आणि खोरासान्यानं सोडवून आणलेला घोडा यांतला फरक शेंबड्या पोरालाही कळावा. घोडा एकच. गळाला लावलेलं सुंगट आणि वाट्याला आलेलं सुंगट यांत किनाऱ्यावरचा माणूस कधी घोटाळा करत नाही. पहिलं परत ओढून घेता येतं. ज्या देण्याची दोरी देणाऱ्याच्या हातात राहते ते वाटणं नव्हे. मराठी ख्रिस्ती परंपरेत हे सगळ्यांत स्वच्छ दिसलं ते नारायण वामन टिळकांना. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा हा कवी १८९५मध्ये ख्रिस्ती झाला, आणि १९१७मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून त्यानं ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्याला आणि न घेतलेल्याला सारखीच जागा होती. दोरी कापून टाकली, तीही स्वतःच्या पगारासकट.

टिळकांच्या उदारपणाची दुसरी बाजू मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे, आणि ती वगळून हा विषय पुरा होणार नाही. टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे. येईल त्याला देणं, असेल त्याला जेवायला बसवणं. त्यानंतर डब्यात काय उरलं याचा हिशेब लक्ष्मीबाईंनी करायचा. आशीर्वाद वाटण्याचं श्रेय पुरुषाचं आणि वाटण वाटण्याचं काम बाईचं, ही विभागणी सर्वधर्मीय आहे. बायबलही त्यातून सुटलेलं नाही. पाच भाकरी आणि दोन मासे यांच्यावर किती जण जेवले हे सांगताना मत्तय लिहितो की बायका-मुलं सोडून पाच हजार. ज्या पोराच्या शिदोरीवर पाच हजार पुरुष जेवले ती शिदोरी त्याच्या आईनंच पहाटे उठून बांधली असणार, आणि गणतीत ती नाही, पोरगंही नाही! चर्चमध्ये पंखा दिला तर तिन्ही पात्यांवर दात्याचं नाव रंगवतात. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये ही येशूची सूचना पंखा चालू असेपर्यंत पाळली जाते. वीज गेली की पुण्य दिसायला लागतं. त्याच चर्चच्या सणाला शंभर माणसांचा भात कुणी रांधला, त्यांची नावं कुठल्या पात्यावर असतात?

व्हॉट्सॲपवर पहाटे साडेपाचला येणारे आशीर्वाद मी या चर्चेत धरत नाही. ते वाटणं नसून ढकलणं आहे. उघड्या, उपाशी माणसाला ‘ऊब घे, पोटभर जेव’ एवढंच सांगून वाटेला लावणाऱ्यांबद्दल याकोबानं आपल्या पत्रात लिहिलंय, ते या मंडळींना तंतोतंत लागू पडतं. अकरा जणांना पाठवल्यावर ज्याचं काहीच खर्च होत नाही त्याला वाटा म्हणता येत नाही.

त्यापेक्षा मराठी ख्रिस्ती घरांतून नाताळात शेजारीपाजारी जाणारी फराळाची ताटं बघावीत. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, चिवडा. वर क्रोशाचा रुमाल. दिवाळीत इकडून गेलेलंच ताट नाताळात तिकडून येतं, आणि कुणी त्याला आंतरधर्मीय संवाद वगैरे म्हणत नाही. यंदा तुमच्या दारात असं ताट आलं तर चकल्या मऊ पडायच्या आत खा, ताट रिकामं परत पाठवू नका, आणि करंज्या कुणी तळल्या ते विचारून तिच्या नावानं निरोप द्या. आणि अलिबागच्या ‘आशीर्वाद’ बंगल्यात राहत असाल तर त्या दिवशी तरी कुत्रा बांधून ठेवा.